न प्यायलेल्या दारूची साक्ष

आमच्या घरात पाप करायला जागाच नव्हती. परळच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर एक खोली, तिला लागून हातभर स्वयंपाकघर, आणि त्यात आई, दादा, माझी थोरली बहीण करुणा आणि मी. चोरून काही खायचं म्हटलं तरी डब्याचं झाकण असं करकरायचं की गॅलरीतून जाणारा माणूससुद्धा आत डोकावून ‘काय रे, शेंगदाणे काय?’ असं विचारायचा. दादा एका शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होते, त्यामुळे त्यांच्या सदऱ्याला कायम कसल्यातरी आम्लाचा वास आणि बारीक बारीक भोकं. आई जवळच्याच मोठ्या इस्पितळात परिचारिका. सगळी चाळ तिला ‘सिस्टर’ म्हणायची. ताप, खोकला, भाजणं, बाळाचं न पिणं, सगळं आधी आमच्या उंबऱ्यावर यायचं आणि मग डॉक्टरकडे जायचं. चाळीत आम्ही एकटेच ख्रिस्ती आणि एकटेच नगरकडचे. बाकी सगळे कोकणातले, गिरणीत हयात घालवलेले. दुपारी आख्ख्या मजल्यावर तिरफळ घातलेल्या माशाच्या कालवणाचा वास पसरलेला असताना आमच्याकडे आई बाजरीची भाकरी थापायची आणि तो थपथप आवाज ऐकून शेजारच्या सावंतकाकी भिंतीपलीकडून ओरडायच्या, ‘सिस्टर, एक माझीपण!’ मग भाकरी तिकडे जायची आणि कालवणाची वाटी इकडे यायची. त्या कालवणाची आठवण झाली की अजूनही माझ्या तोंडाला पाणी सुटतं. डॉक्टरांनी सध्या मला दुधीभोपळ्यावर ठेवलं आहे, हे जाता जाता सांगून ठेवतो.

रोज संध्याकाळी सात वाजता दादा भिंतीवरची खंजिरी काढायचे. एक भजन, एक उतारा आणि शेवटी प्रार्थना. भजनाला पलीकडून सावंतकाकांचा ठेका यायचा. ते गिरणीत फिटर होते. हाताला ताल होता. धर्माचा प्रश्न कधी आला नाही, ताल चुकला तर मात्र ते खोकायचे. दादांची प्रार्थना मला पाठ होती, कारण ती कधी बदललीच नाही. ‘प्रभू, आजचा दिवस दिलास, आभारी आहोत. जे आजारी आहेत त्यांच्याजवळ राहा. उद्याचंही बघ. आमेन.’ बस. तान्ह्या बाळाची शिंकसुद्धा याहून लांबते. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला गेल्यावर मला या प्रार्थनेची लाज वाटायला लागली. देवासमोर इतकं कोरडं, इतकं सपक उभं राहायचं? आमच्या मंडळीतही, म्हणजे चर्चमध्येही, दादांचं काम म्हणजे बाकं पुसणं आणि ध्वनिक्षेपक सांभाळणं. उपासना चालू असताना ते एका कोपऱ्यात जुन्या यंत्रापाशी बसून बटणं फिरवत असायचे. मला वाटायचं, हा माणूस आयुष्यभर दुसऱ्यांचे आवाज मोठे करत बसला, आणि ह्याचा स्वतःचा काही आवाजच नाही. एकोणिसाव्या वर्षी माणसाला आपल्या बापाबद्दल जे जे सुचतं, ते लिहून ठेवायला हवं. म्हातारपणी लाजायला उपयोगी पडतं.

त्या वर्षी भायखळ्याला आमच्या देवळात तीन दिवसांची उज्जीवन सभा झाली, थंडावलेली श्रद्धा पुन्हा पेटवायची म्हणून. बाहेरगावचे एक वक्ते आले होते, सफारी सूट, हातात रुमाल, आवाज असा की दादांना यंत्राचं बटण शून्यावर आणावं लागलं. त्यांचा विषय होता विपुल जीवन. प्रभू म्हणाला की मी आलो ते माणसांना जीवन मिळावं, आणि ते भरभरून मिळावं म्हणून. ‘तुमचं जीवन भरलेलं आहे का? ओसंडतंय का?’ असं ते विचारायचे आणि माझ्याकडे बघायचे. निदान मला तसं वाटायचं. माझं जीवन मी तपासलं. त्यात अकरावीत एकदा नापास होणं, करुणाच्या सायकलची हवा सोडणं आणि एकदा बिनतिकीट बसमधून लालबागपर्यंत जाणं एवढंच होतं. यातून ओसंडणार काय? सभेत रोज कुणीतरी साक्ष द्यायचं, म्हणजे देवानं आपल्याला कसं बदललं ते उभं राहून सांगायचं. एक जण जुगारी होता, एक मारामाऱ्या करायचा, एकानं तर बायकोचं मंगळसूत्र विकलेलं. खड्डा जितका खोल, तितका वर आल्याचा आनंद मोठा, आणि तितकेच लोकांचे डोळे ओले. मी मात्र सपाट जमिनीवर जन्मलो होतो. मला खरोखर अन्याय झाल्यासारखं वाटलं.

पुढच्या महिन्यात तरुणांचा रविवार होता. पाळकसाहेबांनी मला बोलावून सांगितलं, ‘विश्वास, या वेळी तू पाच मिनिटं साक्ष दे. साधीच दे.’ मी आठवडाभर साधी साक्ष लिहिली. ती वाचून मलाच झोप आली. शनिवारी संध्याकाळी मी ती फाडली, आणि रविवारी सकाळी व्यासपीठावर उभा राहून मंडळीला सांगितलं की गेली दोन वर्षं मी दारूच्या आहारी गेलो होतो.

कसं सुचलं ते मला आजही सांगता येत नाही. पहिलं वाक्य तोंडातून निघालं आणि समोरच्या बाकावरच्या बायका पुढे झुकल्या. मग बाकीचं आपोआप आलं. लालबागच्या एका गल्लीतला अड्डा, वाईट मित्र, थरथरणारे हात, आणि मग एका पहाटे गुडघ्यांवर येऊन केलेला धावा. ‘एका दिवसात सुटली!’ मी म्हणालो. मागच्या बाकावर कुणीतरी ‘हालेलुया’ म्हणालं. दादा कोपऱ्यात यंत्रापाशी बसले होते. त्यांनी एकदा मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा बटणाकडे वळले. उपासना संपल्यावर मंडळीचा कारभार बघणाऱ्या वडील मंडळातल्या एका म्हाताऱ्यांनी मला मिठी मारली. दादा तारा गुंडाळत होते. ते एवढंच म्हणाले, ‘माइक तोंडापासून जरा लांब धरत जा. श्वास ऐकू येतो.’

रविवारी आमच्याकडे मटणाचा रस्सा असायचा. आईनं वाढता वाढता विचारलं, ‘विश्वास, मी इतकी वर्षं वॉर्डात काढली. तुझ्या तोंडाला कधी वास आला नाही तो?’

‘मी वेलची खायचो,’ मी म्हणालो.

‘दोन वर्षं? घरातली वेलची नाताळपासून आहे तेवढीच आहे.’

मी खाली बघून भात कालवला. आईनं रस्सा वाढला. ‘बरं. देवाला काय ते माहीत आहे. तू मात्र लवकर निस्तर.’ करुणा इतकं हसली की तिला ठसका लागला.

मी निस्तरलं नाही, कारण मला आमंत्रणं यायला लागली. गिरगावच्या एका मंडळीनं बोलावलं, मग दादरच्या. गिरगावात मी दारूला पत्त्यांची जोड दिली. दुसऱ्या एका ठिकाणी माझ्या खिशात चाकू आला. करुणा म्हणाली, ‘पुढच्या रविवारी एक खून करून टाक, म्हणजे मोसम संपला.’ पण मी सांगतो, त्या दिवसांत मला खरंच भरून आल्यासारखं वाटायचं. लोक माझा हात हातात घेऊन रडायचे. हेच ते विपुल जीवन, असं मला वाटलं. देवाला मी रोज लांबलचक धन्यवाद द्यायचो, आणि त्यात दादांच्या प्रार्थनेसाठी थोडी क्षमाही मागायचो.

चाळीत ही गोष्ट पसरायला किती वेळ लागणार? एका दुपारी सावंतकाकी कालवणाची वाटी घेऊन आल्या, पण बदल्यात भाकरी न मागता दाराशी बसून राहिल्या. काकांची गिरणी बंद पडून बरेच दिवस झाले होते. भजनाला भिंतीपलीकडून येणारा ठेकाही बंद होता. काका आता सकाळपासूनच पीत असत, हे मजल्यावर सगळ्यांना माहीत होतं आणि सगळेच त्यावर बोलायचं टाळत.

‘विश्वास,’ काकी म्हणाल्या, ‘तुका जमला, तर ह्यांका कित्याक जमाचा नाय? माका एकच सांग. तू सोडलंस कशी?’

आई कामावर गेली होती. ती असती तर पुढचं काही घडलं नसतं. मी खुर्चीवर सावरून बसलो. आवाज जरा खाली आणला, सफारी सूटवाल्यांसारखा. ‘काकी, एकदम. स्वतःला खोलीत कोंडून घेतलं. बाहेरून कडी. थेंब नाही. दुसऱ्या दिवशी हाल झाले, पण मी दार उघडू दिलं नाही. तिसऱ्या दिवशी मोकळा झालो.’

‘कडी कोणी घातली तेव्हा?’ काकींनी विचारलं. घरात चौघं असताना मी दोन दिवस कुठल्या खोलीत कोंडून घेतलं होतं, हा प्रश्न त्यातच होता. मी म्हणालो, ‘मित्राच्या घरी.’

त्याच संध्याकाळी काकींनी काकांना माझ्याबरोबर फिरायला धाडलं. आम्ही मैदानाच्या कडेला कठड्यावर बसलो. काका सडपातळ, दाढी वाढलेली, हात मांड्यांखाली दाबून ठेवलेले. बराच वेळ मी विपुल जीवनाबद्दल बोललो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मग विचारलं, ‘काय प्यायचास तू?’

‘दारू.’

‘अरे, पण कसली?’

‘देशी. संत्रा.’

‘वास कसला येतो तिला?’

मी जरा विचार केला. ‘संत्र्याचा.’

काका हसायला लागले. हसता हसता कठड्यावरून घसरून खाली बसले, डोळ्यांतून पाणी. ‘संत्र्याचा! अरे बाबा, संत्रा नुसता लेबलावर!’ मग डोळे पुसून म्हणाले, ‘तू थेंबसुद्धा घेतलेला नाहीस.’

माझे कान तापले. मी उठायला लागलो तर त्यांनी माझा दंड धरला. त्यांचा हात थरथरत होता, आणि ते थरथरणं मी व्यासपीठावरून सांगितलेल्या थरथरण्यापेक्षा फार वेगळं होतं. ‘हिला सांगू नकोस,’ ते म्हणाले. ‘तुझ्याशी बोलून आली तेव्हापासून गुणगुणतेय. लग्नात पण अशी दिसली नव्हती. राहू दे थोडे दिवस.’

मला सुटल्यासारखं वाटलं. एवढंच मला तेव्हा कळलं, की माझी गोष्ट उघडी पडणार नाही. नंतर आठवडाभर आम्ही रोज संध्याकाळी त्या कठड्यावर बसायचो. ते मला गिरणीतल्या यंत्रांबद्दल सांगायचे, मी त्यांना कॉलेजबद्दल. घरी परतताना ते एका गल्लीपाशी थांबायचे, ‘तू हो पुढे’ म्हणायचे, आणि मी पुढे व्हायचो. काकींनी विचारलं की मी म्हणायचो, ‘सुधारणा आहे.’

मग एका शुक्रवारी काकींनी घरातली बाटली मोरीत ओतली आणि बाहेरून कडी घातली. काका स्वतःहून आत जाऊन बसले होते, हे मला नंतर कळलं. आईची त्या आठवड्यात दुपारपाळी आणि वर जादा काम. दादा शाळेच्या परीक्षेत गुंतलेले. शनिवारी गॅलरीत कण्हणं ऐकू आलं, मजल्याला ते रोजच्या पिण्याचंच वाटलं, तेव्हा काकी मला म्हणाल्या, ‘दुसरो दिवस. हाल होतलेच, तू सांगलेलंस.’ मी मान हलवली.

रविवारी सकाळी दादरला मोठी सभा होती आणि माझी साक्ष छापील कार्यक्रमात होती. इस्त्रीचा शर्ट घालून मी सावंतांच्या दारावरून निघालो. आतून दारावर बोटं वाजली. काकी खाली नळावर गेल्या होत्या. ‘कोण, विश्वास काय?’ काकांचा आवाज घोगरा आणि घाईत होता. ‘जरा कडी काढ रे. भिंतीवर कायकाय चालतंय. दिसतंय मला. काढ रे बाळा.’

ह्या माणसाला माहीत होतं की मी कधी प्यालो नाही. मलाही माहीत होतं. तरी मी दाराला तोंड लावून म्हणालो, ‘काका, धीर धरा. आजच्यापुरतं. मी तिकडे तुमच्यासाठी प्रार्थना करतो.’ आणि जिना उतरून गेलो. दादरला मी प्रार्थना केलीही. मोठ्यानं. लोकांना आवडली.

दुपारी चारच्या सुमारास परत आलो तेव्हा गॅलरीत गर्दी होती. सावंतांचं दार सताड उघडं. काका जमिनीवर आणि इस्पितळातून धावत आलेली आई त्यांच्याशेजारी गुडघ्यांवर, त्यांना कुशीवर वळवून धरलेलं. तिच्या गणवेशाला फेस आणि रक्त लागलं होतं. झटका आला होता, जीभ चावली गेली होती. दादांनी खाली टॅक्सी थांबवली आणि चौघांनी काकांना उचलून नेलं. मी चौघांत नव्हतो. मी जिन्यात एका बाजूला उभा राहून वाट दिली.

इस्पितळाच्या बाकावर आईनं काकींना विचारलं, ‘एकदम बंद केलीत? कुणी सांगितलं तुम्हाला? इतक्या वर्षांची दारू अशी तोडायची नसते, माणूस जातो त्यात. डॉक्टर लागतात, औषध लागतं.’

‘विश्वासान सांगलेला,’ काकी म्हणाल्या. ‘तो तसोच सुटलेलो.’

आई माझ्याकडे वळली. मला ती ओरडेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, ‘सांग त्यांना. मी इथेच बसते.’

मी सांगितलं. साक्ष द्यायला मला पाच मिनिटं लागायची. हे एका वाक्यात संपलं. काकींनी नीट ऐकलं, मग पुन्हा विचारलं, ‘म्हणजे तू कधी प्यालंसच नाय?’

‘नाही, काकी.’

त्या माझ्यावर ओरडल्या नाहीत. आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिल्या. ‘माझ्या हातान मी कडी घातलंय रे,’ त्या म्हणाल्या, आणि पदर तोंडात धरून बसल्या. आईनं त्यांना जवळ घेतलं. सकाळी दारावर बोटं वाजली होती आणि मी ती ऐकली होती, हे मी त्या दिवशी सांगू शकलो नाही. ते मी मंगळवारी सांगितलं, काका शुद्धीवर आल्यावर, दोघांसमोर. काकांनी डोळे मिटून घेतले. ‘मी ह्याला ओळखून होतो,’ ते काकींना म्हणाले. ‘पण तुझ्या तोंडावरचं बघून गप बसलो. माझंच चुकलं.’ काकींनी त्यानंतर माझ्याशी बोलणं सोडलं.

पुढच्या रविवारी मी पाळकसाहेबांकडून पाच मिनिटं मागून घेतली आणि सगळं खरं सांगितलं. अड्डा खोटा, पत्ते खोटे, चाकू खोटा, आणि दाराबाहेरचा मी मात्र खरा. कुणाचे डोळे पाणावले नाहीत. ज्या म्हाताऱ्यांनी मला मिठी मारली होती त्यांनी बाहेर येताना खिन्नपणे मान हलवली. मी खोटं बोललो याचं त्यांना दुःख झालंच, पण मी दारुडा नव्हतो याचं जास्त झालं असावं. ‘पहिली साक्ष फार उद्बोधक होती हो,’ असं ते पाळकसाहेबांना म्हणाले. गिरगाव आणि दादरला मी पत्रं लिहिली. उत्तरं आली नाहीत.

परत येताना बसमध्ये मी दादांना विचारलं, ‘तुम्हाला पहिल्या दिवशीच कळलं होतं ना? मग बोलला का नाहीत?’

दादांनी कंडक्टरला पैसे दिले. ‘वाटलं, तू आपणहून थांबशील,’ ते म्हणाले. ‘लोकांसमोर तुझी फजिती नको वाटली. बोलायला पाहिजे होतं.’ तिकिटं खिशात ठेवत म्हणाले, ‘सावंतांना परवा घरी सोडतायत. संध्याकाळ कठीण जाते म्हणे.’

त्यानंतर दादा रोज शाळेतून आले की चहा घेऊन थेट सावंतांकडे जायला लागले. जाताना मंडळीचं ते जुनं ध्वनिक्षेपकाचं यंत्र पिशवीत घालून न्यायचे. ते यंत्र आधीच इतकं बिघडलेलं होतं, की काकांच्या हाताला काम राहावं म्हणून दादा ते आणखी मुद्दाम बिघडवत होते असं सांगितलं तर कुणाला खरं वाटणार नाही. काका शिव्या देत ते उघडायचे, ‘कुठल्या गाढवानं ही तार जोडली?’ आणि दादा म्हणायचे, ‘मीच.’ पहिल्या दिवशी दादांनी मलाही बरोबर नेलं. मी दाराशी थांबलो. काका म्हणाले, ‘ये रे संत्र्या, पक्कड धर.’ काकी उठून आत गेल्या. मी पक्कड धरून बसलो. पुढे जवळजवळ वर्षभर मी पक्कड धरून बसलो होतो. दादांनी तिथे एकदाही प्रार्थना केली नाही, एकदाही काकांना देवळात बोलावलं नाही. सात वाजले की आम्ही आमच्या खोलीत यायचो आणि दादा म्हणायचे, ‘जे आजारी आहेत त्यांच्याजवळ राहा.’ इतकी वर्षं मी ते देवाला सांगितलेलं काम समजत होतो.

हे सगळं गोड झालं असं मी लिहिलं तर ती पुन्हा साक्ष होईल. काका दोनदा परत प्यायले. पहिल्या वेळी आठ दिवस, दुसऱ्या वेळी महिनाभर, आणि त्या महिन्यात त्यांनी ते यंत्र गॅलरीतून खाली फेकलं. आमच्या मंडळीत यंत्राविना दोन रविवार पाळकसाहेबांनी घसा फोडून उपदेश केला. दादा मात्र संध्याकाळी जायचेच. यंत्र नव्हतं तर नुसतेच बसायचे. आईनं काकांना इस्पितळात ओळखीच्या डॉक्टरांकडे नियमानं नेलं. तिसऱ्यांदा सोडली ती टिकली. कशानं टिकली, ते कुणालाच ठाऊक नाही. काका गावच्या देवाला नारळ बोलले होते, आई औषधाचं नाव घ्यायची, दादा काहीच म्हणायचे नाहीत. आमच्या मंडळीतले तरुण अजून मला कधी कधी विपुल जीवनावर बोलायला बोलावतात. मी गुडघ्यांचं कारण सांगतो.

त्या तिसऱ्या वेळेनंतरची गोष्ट. दुपारची वेळ होती, मी घरी एकटाच अभ्यास करत होतो. सावंतकाकी दारात येऊन उभ्या राहिल्या. इतक्या दिवसांत त्या पहिल्यांदाच आमच्या दारात मी असताना थांबल्या होत्या. आत नजर टाकून म्हणाल्या, ‘सिस्टर नाय?’

‘कामावर गेलीय.’

‘दादा?’

‘शाळेत.’

‘करुणा?’

‘कोणीच नाही, काकी. मी आहे.’

त्यांनी मला एकदा खालपासून वरपर्यंत पाहिलं. चालेल की नाही, असा विचार करत असाव्यात. मग पदराला हात पुसत म्हणाल्या, ‘ह्येंनी आज दोनदा भात मागून घेतल्यानी. कालवण संपला तरी नुसतो घेतल्यानी. म्हटलंय, कोणाक तरी सांगूक व्हया.’

‘आईला सांगतो मी,’ मी म्हणालो. ‘आल्या आल्या सांगतो.’

‘सांग,’ त्या म्हणाल्या आणि जायला वळल्या. मग पुन्हा थांबल्या. ‘पण मी सांगलंय तेवढाच सांग हां. वाढव नको.’